डॉसवाल्या जुन्या पीसीच्या स्पीकरचा आवाज प्रोग्राममधून कमी करता येतो का?

तुम्ही लिहिलंय, काकांच्या ३८६ वर (जुन्या पीसीवर) टर्बो सी या सी भाषेच्या कंपायलरमध्ये साउंड(१०००), म्हणजे हजार हर्ट्झचा सूर, दिलं की रात्री अख्खं घर जागं होतं, आणि आवाज बारीक करायचं फंक्शन काही सापडत नाही. नाहीच ते. इथे नांदेडला आमच्या लॅबमध्येही दरवर्षी कुणीतरी हेच विचारतं.

१९८१ च्या आयबीएम पीसीपासून जोडणी तीच आहे: टायमर चिपचा चॅनेल २, पोर्ट ६१ चे (पोर्ट म्हणजे चिपशी बोलायचा पत्ता; त्यांचे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत धरा) खालचे दोन बिट, आणि पुढे स्पीकर. तारेवर एक तर व्होल्टेज असतं, नाही तर नसतं. मधली पायरीच नाही. साउंड() फक्त सूर बदलतं.

पण कानाला फसवता येतं. रेग्युलेटर नसलेल्या पंख्याचं बटण भराभर चालू-बंद केलं की पंखा हळू फिरतो, तसंच. साउंड() निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद अशी चौकोनी लाट देतं. यातला एक भाग अरुंद करत न्यायचा. मात्र हिशेब सरळ नाही: निम्म्याचा पाव केला तरी मूळ सुराचा जोर ०.७ पट उरतो. जोर निम्मा हवा असेल तर सहाव्या हिश्श्यावर यावं लागतं.

टायमरचं घड्याळ सेकंदाला ११,९३,१८२ वेळा टिकटिकतं. चॅनेल ० मध्ये ११९३ भरा, म्हणजे सेकंदाला सुमारे हजार इंटरप्ट (प्रोसेसरला हातचं काम थांबवायला लावणारे इशारे) येतील. पोर्ट ४३ ला हेक्स ९० देऊन चॅनेल २ मोड ० मध्ये (एकदा मोजून थांबायच्या पद्धतीत) टाका, पोर्ट ६१ चे दोन्ही बिट १ करा आणि इंटरप्ट ८ च्या तुमच्या फंक्शनमधून दर वेळी पोर्ट ४२ ला १९९ लिहा. लिहिल्याबरोबर आउटपुट खाली जातं, १९९ टिका संपल्या की वर येतं. झाला सहावा हिस्सा! १९९ चे ६० करा, आवाज आणखी उतरेल. सूर थोडा चिरका होतो, ते चालवून घ्यायचं.

डॉसचं घड्याळ याच इंटरप्टवर चालतं, हे विसरू नका. दर ५५ व्या वेळी जुन्या हँडलरला (इंटरप्ट ८ च्या आधीच्या फंक्शनला) बोलवा, एरवी पोर्ट २० ला हेक्स २० पाठवा, म्हणजे इंटरप्ट संपल्याची पोच. बाहेर पडताना टर्बो सीच्या सेटव्हेक्ट() फंक्शनने त्या जुन्या हँडलरचा पत्ता परत द्या, चॅनेल ० मध्ये शून्य भरा आणि ते दोन बिट बंद करा. शून्य भरायचं राहिलं तर घड्याळ ५५ पट पळेल. आणि हे सगळं शुद्ध डॉसमध्ये बूट करून, विंडोजच्या खिडकीत नको.

नुसती रात्रीची झोपच वाचवायची असेल तर एवढा खटाटोप कशाला? मशीन बंद करून स्पीकरच्या एका तारेत १०० ओहमचा रेझिस्टर जोडा. कुठलाही रेडिओ दुरुस्तीवाला देईल.