ससेपालन : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : न्यूझीलंड व्हाइट जातीची मादी वजन करायला बाहेर काढली, तेव्हा हातात जोरात धडपडली. खाली पडली नाही. पण परत ठेवल्यापासून मागचे दोन्ही पाय ओढत चालते. हा लकवा कशाचा? कोणते इंजेक्शन द्यावे? (वाचक, फलटण)

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून हा रोग वाटत नाही, कणा दुखावला आहे. सशाचा सांगाडा वजनाला फार हलका असतो, शरीराच्या जेमतेम ७-८ टक्के. मागच्या पायांचे स्नायू मात्र दांडगे. पुढचा भाग आपण घट्ट धरलेला आणि मागचा अधांतरी, अशा वेळी सशाने लाथ झाडली की सगळा पिळा कमरेच्या शेवटच्या मणक्यांवर येतो आणि कणा तिथेच मोडतो. त्यासाठी पडावे लागत नाही.

मागच्या पायाच्या बोटाला चिमटा काढून पाहा. पाय नुसता आखडला तर ती फक्त प्रतिक्षिप्त क्रिया. तिने दचकून मान वळवली, तरच वेदना मेंदूपर्यंत पोचते असे समजा. तशी पोचत असेल तर उडी मारता येणार नाही अशा लहान पिंजऱ्यात, जाड गवताच्या अंथरुणावर काही आठवडे ठेवा. सूज आणि वेदना कमी करणारे औषध पशुवैद्यकाकडून घ्या. लघवी तुंबते का, याकडे रोज लक्ष हवे. बोटाला काहीच जाणवत नसेल तर तिला कुढत ठेवण्यापेक्षा डॉक्टरांकडून वेदनारहित मरण देणे बरे.

पुढच्या वेळी उचलताना एका हाताने खांद्यावरची सैल कातडी मूठभर धरा आणि त्याच क्षणी दुसरा हात ढुंगणाखाली घाला. सगळे वजन खालच्या हातावर यायला हवे, कातडीवर नाही. पाय तुमच्या अंगापासून बाहेरच्या बाजूला राहू द्या आणि पूर्ण बाहीचा सदरा घाला, नखे खोलवर ओरबाडतात. लांब न्यायचे असेल तर डोके कोपराच्या खाचेत दडवून अंग हातावर आडवे ठेवा. डोळ्यांपुढे अंधार झाला की ससा शांत होतो. कान धरून कधीही उचलू नका, बाजारात कितीही जण तसे करताना दिसले तरी. पिंजऱ्यात सोडताना शेपटीकडून आत घाला. तोंड आत करून सोडले तर घर दिसताच तो उडी घेतो, आणि बरेचसे अपघात नेमके तिथे होतात.

ससा हातात आहेच, तर आठवड्याला एकदा दात, कानांची आतली बाजू, नाक, पुढच्या पंजांची आतली बाजू, मागच्या पायांचे तळवे आणि शेपटीखालची जागा पाहून घ्या. पुढच्या पंजांचे केस चिकटून कडक झाले असतील तर ससा नाक पुसतो आहे, म्हणजे बहुधा सर्दीचा पाश्चुरेला हा जिवाणू शेडमध्ये शिरला आहे. असा ससा त्याच दिवशी वेगळा काढा.

प्रश्न : पाच जोड्या म्हणून विकत घेतले, त्यांतले सात नर निघाले. लहानपणी नर-मादी कसे ओळखावे? आणि कोणते पिल्लू कोणत्या मादीचे, हे लक्षात राहण्यासाठी शेळीचे बिल्ले चालतील का? (वाचक, संगमनेर)

दूध तोडताना, म्हणजे ४ ते ६ आठवड्यांचे असताना, लिंग ओळखता येते. पिल्लू मांडीवर उताणे घ्या, शेपूट दोन बोटांत मागे ओढून धरा आणि अंगठ्याने जननछिद्राच्या पुढच्या कडेवर हलकेच दाबा. नराचे तोंड गोल दिसते आणि मधून छोटी नळी वर येते. मादीत उभी चीर दिसते, ती गुदद्वाराच्या दिशेने उतरत जाते. नरात ही दोन छिद्रे एकमेकांपासून जास्त लांब असतात. दाब कमी पडला तर दोघेही सारखेच दिसतात, बहुतेक चुका त्यामुळेच होतात. ८ आणि १२ आठवड्यांना पुन्हा पाहा. तोवर नराच्या वृषणाच्या दोन लांबट पिशव्या दिसू लागतात. मात्र घाबरलेला नर त्या पोटात ओढून घेतो, म्हणून दिसल्या नाहीत तर लगेच मादी ठरवू नका. तीन महिन्यांपुढे नर एकत्र ठेवू नका, ते एकमेकांचे वृषण फाडतात. विक्रेत्याकडे यापुढे पैसे देण्याआधी स्वतः उलटवून पाहा.

शेळीचे बिल्ले जड पडतात, जाळीत अडकतात आणि कान फाटतो. कायमची खूण म्हणजे कान गोंदणे. आकड्यांच्या सुया बसवायचा चिमटा मिळतो. आधी पुठ्ठ्यावर दाबून आकडे सरळ उमटतात का ते पाहा. मदतनीसाने पिल्लू पोत्यात गुंडाळून धरावे. कानाची आतली बाजू स्पिरिटने पुसा, ठळक शिरा टाळून मधल्या पातळ भागात चिमटा एकदाच ठामपणे दाबा, आणि शाई अंगठ्याने किंवा जुन्या टूथब्रशने छिद्रांत घासा. शीर फुटली तर रक्त शाई धुऊन काढते आणि आकडा पुसट होतो. उजव्या कानात पिल्लाचा क्रमांक आणि डाव्यात जन्माचा महिना-वर्ष, एवढे पुरते. आईबाप वहीत लिहा. गोंदायला फार लहान असलेल्या पिल्लांना कानात मार्करची खूण करा, पण ती काही दिवसांत फिकी होते, पुन्हा करावी लागते.

प्रश्न : कानात तपकिरी पापुद्र्यांचे थर साचले आहेत, ससे डोके झटकतात. कुत्र्याच्या गोचिडांचे मानेवर टाकायचे थेंब चालतील का? (वाचक, कणकवली)

अजिबात नाही. त्या थेंबांत फिप्रोनिल असेल तर ससा आचके देऊन मरतो. ही कानातली खरूज आहे, ‘सोरोप्टिस’ नावाच्या किडीची. पापुद्रे खरवडू नका, खाली कच्ची कातडी असते. आयव्हरमेक्टिन या कीडनाशक औषधाने ते आपोआप गळतात. मात्रा किलोला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम, कातडीखाली, १० ते १४ दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. १ टक्का इंजेक्शनमधून अडीच किलोच्या सशाला फार तर ०.१ मिली, म्हणजे ४० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर ४ रेघा. गुरांच्या सिरिंजने एवढे मोजता येत नाही, आणि मात्रा जास्त होते ती तिथेच. इंजेक्शन पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्या, मांसासाठीच्या सशांना त्यानंतर किती दिवस थांबायचे तेही विचारा. एका सशाला झाली तर शेडमधल्या सगळ्यांना उपचार करा. कीड सशाबाहेरही तीन आठवड्यांपर्यंत जगू शकते, म्हणून रिकामे पिंजरे फ्लेमगनने भाजून घ्या. थर नाकावर, ओठांवर आणि पायांवर असतील तर ती दुसरी खरूज, ती माणसालाही लागते, हातमोजे घाला.

प्रश्न : दूध तोडल्यावर आठ-दहा दिवसांत पिल्ले पोट फुगून, हगवण लागून मरतात. मेडिकलमधून अमॉक्सिसिलिन पाजले, तरी मेली. (वाचक, बार्शी)

अमॉक्सिसिलिन तोंडाने दिल्यावर सशाच्या आतड्यांतले उपयोगी जिवाणू मरतात आणि घातक वाढतात. निरोगी ससाही त्याने मरू शकतो. अँपिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन यांचेही तेच.

मूळ कारणे बहुधा दोन. एक, आई, जागा आणि चारा तिन्ही एकाच दिवशी बदलतात. आईला काढून न्या, पिल्ले त्याच पिंजऱ्यात राहू द्या. खाद्य ७ ते १० दिवसांत हळूहळू बदला. दवाने ओली लसूणघास देऊ नका, कापून काही तास सुकवा, आणि वाळलेले गवत सतत पुढ्यात असू द्या. दुसरे, कॉक्सिडिया हा सूक्ष्म परजीवी. त्याची अंडी ताज्या लेंडीत निरुपद्रवी असतात, साधारण दोन दिवसांत पिकतात. म्हणून लेंड्या रोज काढल्या तर साखळी तुटते. तळाला जाळी आणि पाण्याला निपल असले की अर्धे काम झाले. मेलेले पिल्लू टाकून देऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदनाला न्या. यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर निदान जवळजवळ तिथेच होते, मग पाण्यातून द्यायचे औषध डॉक्टर सांगतील.

प्रश्न : लघवी लाल येते आणि ससा स्वतःची लेंडी खातो. (वाचक, चिपळूण)

लाल-नारिंगी रंग बहुधा चाऱ्यातल्या रंगद्रव्याचा असतो, चारा बदलला की जातो. रक्त असेल तर ते एकसारखे न मिसळता रेघांनी किंवा गाठींनी दिसते. आणि तो मऊ, द्राक्षांच्या घोसासारखी चिकट लेंडी थेट गुदद्वारातून खातो, त्यातून जीवनसत्त्वे आणि प्रथिने मिळतात. ती पिंजऱ्यात पडलेली दिसू लागली, तर खाद्यात तंतू कमी आहेत किंवा ससा लठ्ठ झाला आहे.

प्रश्न : मे-जूनमध्ये मिलन होते, पण मादी गाभण राहत नाही. नर काढून टाकावेत का? (वाचक, वर्धा)

घाई करू नका. अनेक दिवस तापमान ३० अंशांच्या वर राहिले की नराचे वीर्य बिघडते, आणि नवे तयार व्हायला सहा-सात आठवडे लागतात. म्हणजे पाऊस पडून शेड थंड झाल्यावरही ऑगस्टपर्यंत वाट पाहावी लागते. तोवर नरांना सर्वांत खालच्या, हवेशीर पिंजऱ्यात ठेवा. ओली पोती वारा येणाऱ्या बाजूलाच लावा. हवा कोंडलेल्या शेडमध्ये दमट उकाडा होऊन उलट त्रास वाढतो. ससा धापा टाकू लागला तर कान ओल्या फडक्याने पुसा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

मिलन पहाटे लावा आणि मादीला नराच्या पिंजऱ्यात न्या, उलट केले तर ती तिच्या जागेसाठी भांडते. १२ ते १४ व्या दिवशी पोट हलक्या बोटांनी चाचपा. गर्भ मऊ गोट्यांसारखे बोटांतून निसटतात, लेंड्या टणक, लहान आणि कण्याजवळ लागतात. काहीच लागले नाही तर पुन्हा लावा. ऑगस्टनंतरही ओळीने तीन वेगवेगळ्या माद्या त्याच नराकडून रिकाम्या राहिल्या, तर मात्र तो काढा.