‘नेटिव्ह फॉरेस्ट’ला ‘देशी जंगल’ म्हणावं का?

प्रश्न कराडच्या एका अनुवादकाचा आहे. ऑस्ट्रेलियात केंद्र आणि राज्य सरकारांत ‘रीजनल फॉरेस्ट अ‍ॅग्रीमेंट’ झाली. त्यांतल्या ‘नेटिव्ह फॉरेस्ट’ला ‘देशी जंगल’ म्हणावं की ‘मूळ जंगल’? आणि ‘करार’ लिहावं की ‘सामंजस्य करार’?

‘देशी’ टाळा. सातारा-सांगलीकडे देशी झाड म्हटलं की जांभूळ, हिरडा, अंजनी डोळ्यांपुढे येतात आणि निलगिरी म्हणजे हमखास परदेशी लागवड. त्या करारांतल्या जंगलांत मात्र मुख्य झाड निलगिरीच! ती तिथलीच. ‘देशी’ हा शब्द बोलणाऱ्याच्या देशाला चिकटलेला असतो (गाय, कोंबडी, दारू, काहीही घ्या), त्यामुळे वाचक घोटाळ्यात पडणार.

‘मूळ जंगल’ वाचून वाटतं, कधी कुऱ्हाडच न लागलेलं. पण या करारांत काही क्षेत्र राखायचं आणि उरलेल्यात नियमानं लाकूडतोड करू द्यायची, अशी वाटणी होती. तोडीनंतर पुन्हा वाढलेलं रानही ‘नेटिव्ह’मध्येच धरतात.

आपल्या वनखात्याच्या मराठीत जोडी तयार आहे: ‘नैसर्गिक वन’ आणि ‘रोपवन’. रोपवन म्हणजे रोपं लावून उभं केलेलं. मी पहिल्या उल्लेखात ‘तिथल्याच झाडांचं नैसर्गिक वन’ आणि पुढे नुसतं ‘नैसर्गिक वन’ लिहीन.

‘जंगल’ही चालेल, पण त्याची गंमत पाहा. संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा मुलूख. आयुर्वेदातही ‘जांगल’ आणि पाणथळ ‘अनूप’ असे वेगळे देश सांगितलेत. त्या हिशेबानं माण, जत, आटपाडी जांगल आणि कोयनेचं खोरं अनूप! आज आपण नेमकं उलट बोलतो.

आता करार. १९९७ ते २००१ या काळात चार राज्यांशी असे दहा करार झाले. पहिला व्हिक्टोरियातल्या ईस्ट गिप्सलँडचा, फेब्रुवारी १९९७चा. मूळ मुदत वीस वर्षांची होती, आणि २००२ साली त्यांच्या पाठीशी केंद्राचा कायदाही आला. ‘सामंजस्य करार’ म्हणजे बहुधा नुसता इरादा जाहीर करणारा कागद. तो शब्द इथे हलका पडतो. ‘करार’ मुळात अरबी, अर्थ स्थिरता, ठरून जाणं. ‘करारी’ माणसातही तोच ठामपणा आहे. ‘संयुक्त वनव्यवस्थापन’ हा शब्दही इथे नको. ती वनखातं आणि गाव यांच्यातली व्यवस्था, कास पठारावर आहे तशी.

एक खाच तुम्ही विचारलेली नाही. ‘रीजनल’ला ‘प्रादेशिक’ लिहिलंत तर आपल्याकडचा वनरक्षक वेगळंच समजेल. खात्यात ‘प्रादेशिक’ म्हणजे ‘वन्यजीव’ नसलेला, नेहमीचा विभाग. म्हणून ‘प्रदेशनिहाय वन करार’ लिहा.