जलवाहिनी फुटण्याआधी सेन्सरला कळतं का?

शहरातल्या जलवाहिन्यांवर बसवायच्या ‘स्मार्ट’ सेन्सरबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरं.

सेन्सर बसवले की पाइप फुटणार नाहीत, असं वाचलं. पाइप फुटणार हे त्यांना आधी कसं कळतं? (दादर)

बहुतेकदा कळत नाही. सेन्सर दाब मोजतो किंवा आवाज ऐकतो. त्यावरून अंदाज बांधायचा तो आपणच.

आधी दाबाचं बघू. लोखंडी वाहिनीतून सेकंदाला एक मीटर वेगाने चाललेलं पाणी व्हॉल्व्हने एकदम अडवलं, तर सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याएवढा जादा दाब तयार होतो. दाबाची ही लाट सेकंदाला हजारेक मीटर धावते. म्हणजे पाच किलोमीटरच्या वाहिनीत तिला जाऊन परत यायला दहा सेकंद लागतात, आणि त्याच्या आत पाणी अडलं तर ते ‘एकदम’च म्हणायचं. हाताने फिरवायचा मोठा व्हॉल्व्ह दहा सेकंदांत बंद होत नाही, हे खरं. पण प्रवाह प्रत्यक्षात अडतो तो शेवटच्या काही फेऱ्यांत, आणि घाई होते तीही तिथेच. वीज जाऊन पंप थांबला तरी असंच होतं: आधी दाब कोसळतो, मग लाट उलटून येते.

एका लाटेने चांगला पाइप फुटत नाही. रोजच्या धक्क्यांनी मात्र जुन्या बिडाच्या पाइपातली चीर वाढत जाते, शिशाचे जोड सुटू लागतात.

दर पंधरा मिनिटांनी नोंद घेणाऱ्या साध्या उपकरणाला ही लाट दिसतच नाही. दोन नोंदींच्या मध्ये ती येऊन जाते. सेकंदाला शंभरेक नोंदी घेणारं उपकरण हवं. सिंगापूरने २००८ पासून अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर ‘वॉटरवाइज’ नावाने अशी यंत्रणा उभी केली. दोन ठिकाणी लाट किती वाजता पोचली यातल्या फरकावरून ती कुठून निघाली हे काढता येतं. रोज धक्का देणारा पंप किंवा व्हॉल्व्ह एकदा सापडला की त्याची चाल बदलता येते. फुटणं टाळणं म्हणतात ते माझ्या मते एवढंच, आणि ते थोडं नाही.

आमच्याकडे पाणी यायच्या आधी नळातून फुसफुस हवा येते. पाइप फुटण्याशी याचा संबंध आहे का? (कोथरूड)

आहे, आणि आपल्या शहरांत तो फार जवळचा आहे. पाणी ठरावीक तासच सोडतात, त्यामुळे वाहिनी रोज रिकामी होते आणि रोज भरते. भरताना आतली हवा बाहेर पडायला हवी. एअर व्हॉल्व्ह गंजून अडकला असेल तर ती चढावर कोंडून राहते. तो चालू असेल आणि पाणी भसकन सोडलं, तर हवा संपते त्या क्षणी पाणी येऊन आदळतं आणि पुन्हा तीच दाबाची लाट. पाणी बंद झाल्यावर उलटा खेळ: आत पोकळी होते आणि गळतीच्या भोकांतून बाहेरचं घाण पाणी ओढलं जातं.

आवाज ऐकणाऱ्या सेन्सरची अडचणही इथेच आहे. गळतीचा आवाज दाब असेल तरच येतो. परदेशात ही उपकरणं रात्री दोन ते चार ऐकतात, कारण तेव्हा वापर थांबलेला असतो आणि दाब भरपूर असतो. आपल्याकडे त्या वेळी बहुतेक गल्ल्यांतला पाइप रिकामा, आणि पाणी येतं तेव्हा घरोघरी टाक्या भरण्याचा गोंगाट. प्लास्टिकच्या पाइपात तर आवाज फार लांब जातही नाही. म्हणून माझं मत असं की पैसे मोजके असतील तर सेन्सर आधी कायम भरलेल्या मुख्य वाहिन्यांवर बसवावेत. गल्लीत आधी एअर व्हॉल्व्ह दुरुस्त करा आणि पाणी हळू सोडा.

सोसायटीसाठी असा सेन्सर घ्यावा का? (नाशिक)

नको. सगळे नळ आणि टाकीचे कॉक बंद करून, पाणी येत असताना मीटर बघा. काटा फिरतोय? मग मीटर आणि टाकी यांच्यामध्ये गळती आहे. प्लंबर बोलवा.

मी अमेरिकेत मेरिलँडमध्ये राहते. इथे पाइपमध्ये ऑप्टिकल फायबर टाकतात म्हणे. त्याचा उपयोग झाला आहे का? (बेथेस्डा)

झाला आहे, तुमच्याच भागात. तिथल्या मोठ्या वाहिन्यांपैकी बऱ्याच काँक्रीटच्या असून त्यांना ताणलेल्या पोलादी तारांचे वेढे असतात. तारा गंजून तुटत जातात आणि पुरेशा तुटल्या की पाइप फुटतो. २३ डिसेंबर २००८ रोजी रिव्हर रोडवर ६६ इंची वाहिनी फुटली, तेव्हा मोटारींत अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. फायबरला एकेक तार तुटल्याचा आवाज कळतो.

जुलै २०१३ मध्ये ५४ इंची वाहिनीत तारा भराभर तुटत असल्याचं या यंत्रणेने दाखवलं. ऐन उन्हाळ्यात लाखाहून जास्त लोकांचं पाणी काही दिवस बंद ठेवण्याची घोषणा झाली. पाणी दुसरीकडून वळवता आलं असतं, पण त्यासाठी लागणारा व्हॉल्व्ह अडकलेला होता. दोन कर्मचाऱ्यांनी खाली उतरून त्याची यंत्रणा दुरुस्त केली, पाणी वळवलं आणि घोषित केलेली बंदी टळली. सेन्सरची निविदा वाचताना मी आधी हेच शोधतो: व्हॉल्व्ह वर्षातून एकदा तरी फिरवून बघण्याची तरतूद आहे का? बहुधा नसते.

खोदकामात पाइप फुटतात, त्यावर सेन्सर काय करणार? (ठाणे)

फुटल्याचं लवकर सांगेल, बस. ३० नोव्हेंबर २०२३ ला अंधेरीत सीप्झजवळ मेट्रो ६ च्या कामात १,८०० मिलिमीटरची वाहिनी फुटली. त्याआधी तुमच्याच ठाण्यात बोअरवेलने मुंबईच्या जलबोगद्याला भोक पडलं आणि दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून मुंबईत महिनाभराची १५ टक्के पाणीकपात जाहीर झाली. इथे हवेत वाहिन्यांचे खरे नकाशे आणि खोदण्याआधी ते बघण्याची सक्ती. तुमच्या सोसायटीत बोअर घ्यायचा विचार असेल, तर आधी पालिकेच्या पाणी खात्यात जाऊन खालून काय जातं ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या.