वाचक विचारतात : वसईच्या पोर्तुगीज काळावर व्याख्यान ठेवायचं, पण बोलायचं काय?

प्रश्न : आमच्या वाचनालयात वसईच्या पोर्तुगीज काळावर जाहीर व्याख्यानं ठेवायचं घाटतंय. पण कमिटीत आत्ताच दोन तट पडलेत. एक म्हणतो चिमाजी अप्पांचा पराक्रम सांगा आणि विषय संपवा, दुसरा म्हणतो लढाई-धर्मांतर नको, उगाच वाद, त्यापेक्षा गाणी, लग्नातले रिवाज, खाणंपिणं घ्या. काय करावं?
– एक कार्यकर्ता, वसई

उत्तर : अहो, दोघांनाही एकाच स्टेजवर बसवा! १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं तहात वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली आणि चिमाजी अप्पांच्या मराठी फौजेनं घेतली ती १७३९ च्या मे महिन्यात, म्हणजे मधली दोनशे वर्षं काय नुसती लढाईच चालू होती का? आणि नुसती गाणीही नव्हती. गोव्याच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, हात वसईपर्यंत पोचायचा, ते गाळून रिवाजांवर बोललात तर मागच्या रांगेतून कुणीतरी उठून विचारणारच, आणि विचारलंच पाहिजे.

मी असते तर सुरुवात घंटेपासून केली असती. भीमाशंकरला देवळाच्या आवारात मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर क्रूस आहे आणि १७२९ साल आहे, दर्शनाच्या गर्दीत कुणी वर बघत नाही ही गोष्ट वेगळी. वसई जिंकल्यावर चर्चमधल्या अशा घंटा मराठी फौजेनं आणल्या आणि देवळांना दिल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा तर सगळ्यांना ठाऊकच आहे, तीही वसईचीच. फोटो काढून पडद्यावर मोठा दाखवा, पराक्रमवाले पण खूश आणि संस्कृतीवाले पण, शिवाय जिंकलेली वस्तू वितळवून न टाकता वाजवत का ठेवली यावर तासभर चर्चा होईल.

शरणागतीच्या अटीही वाचून दाखवा. पोर्तुगीज शिबंदीला बाहेर पडायला आठ दिवस दिले होते आणि जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मुभा होती. हे बहुतेक भाषणांत येतच नाही, जयजयकारात राहून जातं.

दुसऱ्या व्याख्यानाला प्रोफेसरच पाहिजेत असं नाही. सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे वसईतल्याच एका जुन्या ख्रिस्ती समाजाच्या, घरातल्या एखाद्या आजींना बोलवा, लाल लुगड्याबद्दल, लग्नातल्या गाण्यांबद्दल त्यांच्याच बोलीत बोलू दे, थोडं कळलं नाही तर शेजारी बसलेला सांगेल. जमलं तर कोर्लईचाही विषय घ्या, रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या त्या गावात ख्रिस्ती लोक अजून घरात पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात, आणि तिथली पोर्तुगीज सत्ता तर १७४० लाच गेली.

वाद होईल का, तर होईल थोडा. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर माइक हातात आला की आमची माणसं स्वतःचंच भाषण सुरू करतात. आणि प्रश्नांना अर्धा तास ठेवाच, कमी पडला तर शाल-श्रीफळाचा वेळ कापा.