देवस्थानाचे जुने दप्तर

प्रश्न : आमच्या देवस्थानाकडे जुनी इतिवृत्ते, देणगीवह्या आणि काही मोडी कागद आहेत. लॅमिनेशन करून अभ्यासकांना द्यावेत का?
– एक विश्वस्त, गिरगाव

उत्तर : लॅमिनेशन मुळीच करू नका! उष्णतेने वितळलेले प्लास्टिक कागदाच्या तंतूंत शिरते, ते पुन्हा सुटत नाही. चिकटपट्टीही नको, तिचा गोंद पिवळा पडून शाई खातो. मुंबईत खरा शत्रू दमट हवा. कपाट भिंतीपासून चार-सहा इंच पुढे ओढा, नाहीतर पावसाळ्यात मागच्या ओलीने बुरशी धरते. टाचण्या, स्टेपल काढा, कागद आम्लविरहित वेष्टनात ठेवा.

स्कॅनिंगआधी पानांना मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला. हे राहिले की सुटी पाने कुठली, ते कोणालाच सांगता येत नाही. मग ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके), रंगीत, टिफ (तपशील न गमावता चित्र साठवणाऱ्या फाइलच्या) स्वरूपात स्कॅन करा. एक प्रत देवळाबाहेर हवीच. मोडी कागदांची निदान तारीख, गाव, विषय एवढी यादी जाणकाराकडून करून घ्या. यादीविना स्कॅन निरुपयोगी.

अभ्यासकांना स्कॅनच दाखवा. हयात देणगीदारांचे पत्ते मात्र झाका. संरक्षणाबाबत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात विचारा.