'ठेव ते खाली' आणि 'पुट इट डाउन'

आमच्या सोसायटीतली एक मुलगी ऐरोलीला नोकरीला जाते. परवा रात्री तिनं विचारलं, "काका, मी क्लायंटला लिहिलं होतं, 'वुई विल पिक अप इट टुमॉरो'. टीम लीडनं त्याचं 'पिक इट अप' केलं. त्याच मेलमध्ये खाली 'वुई विल लुक आफ्टर इट' होतं, त्याला मात्र हात लावला नाही. एकात 'इट' मध्ये, दुसऱ्यात शेवटी, असं का? आणि 'पिक अप द पार्सल' तर सगळेच म्हणतात, मग 'पिक अप इट'नंच काय घोडं मारलंय?"

याचं अर्धं उत्तर आपण शाळेत मराठी व्याकरणाच्या तासालाच शिकलोय. 'तो खाली बसला' आणि 'तो झाडाखाली बसला' ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यातलं 'खाली' क्रियाविशेषण अव्यय आहे, ते बसण्याबद्दल काही सांगतं. दुसऱ्यातलं 'खाली' शब्दयोगी अव्यय आहे, ते झाडाला चिकटलेलं आहे. मराठीत हा फरक डोळ्यांना दिसतो. शब्दयोगी आपण जोडून लिहितो, 'झाड'चं 'झाडा' होतं, 'तो'चं 'त्याच्या' होतं. इंग्रजीत तसलं काही होत नाही. 'अप', 'ऑन', 'ओव्हर', 'थ्रू' हे शब्द दोन्ही कामं एकाच रूपात करतात. आत्ता कुठलं काम चाललंय हे सर्वनाम कुठे बसलंय त्यावरून कळतं.

'लुक आफ्टर इट'मधलं 'आफ्टर' शब्दयोगीचं काम करतंय. इंग्रजीत ते नामाच्या आधी येतं, आपल्याकडे नंतर, एवढाच फरक. 'आफ्टर इट' हा एक सांधा आहे, आपल्या 'त्याच्याकडे'सारखा. 'त्याच्या' आणि 'कडे' यांची फारकत करता येत नाही, तशी 'आफ्टर' आणि 'इट'चीही करता येत नाही. म्हणून 'लुक इट आफ्टर' होत नाही. 'लुक ॲट हिम', 'वेट फॉर मी', 'डिपेंड ऑन देम' ही सगळी याच घरातली.

'पिक अप'मधलं 'अप' क्रियाविशेषण आहे. त्याचं नातं 'पिक'शी आहे, 'इट'शी नाही. 'इट' हे 'पिक'चं कर्म, त्यामुळे ते क्रियापदाला लागून बसतं आणि 'अप' त्याच्या पुढे जातं.

शंका आली तर सर्वनामाच्या जागी नाम घालून बघायचं. 'पिक द पार्सल अप' चालतं, म्हणजे 'अप' सुटं आहे आणि सर्वनाम मध्ये जाणार. 'लुक द बेबी आफ्टर' कानालाच खटकतं, म्हणजे 'आफ्टर' सुटं नाही आणि सर्वनाम शेवटी राहणार.

आता तिचा दुसरा प्रश्न. नामाला दोन्ही जागा मोकळ्या आहेत, 'पिक अप द पार्सल' आणि 'पिक द पार्सल अप'. मग सर्वनामावरच सक्ती का? हे वाचून कळत नाही, मोठ्यानं म्हणून बघावं लागतं. 'पिक इट अप' असं तीन शब्द तोडून इंग्रज माणूस बोलतच नाही. तो 'पिकिटप' म्हणतो, आणि जोर शेवटच्या 'अप'वर. 'पुटिटॉन', 'गिव्हिटप' तसेच. 'इट'ला स्वतःचा आघात नाही, ते क्रियापदाच्या पाठीवर बसून जातं. ज्या वस्तूबद्दल बोलणं चाललंय ती ऐकणाऱ्याला आधीच माहीत असते, म्हणून तिचा उल्लेख हलका. इंग्रजी वाक्यात जोर आणि नवी माहिती साधारण शेवटाकडे जाते. 'पिक अप इट' म्हटलं की ती मानाची जागा सगळ्यात हलक्या शब्दाला मिळते. खटकतं ते हेच.

याचीच दुसरी बाजू म्हणजे कर्म लांबलचक असेल तर ते मध्ये मावत नाही. 'पिक अप द पार्सल दॅट केम फ्रॉम वाशी यस्टरडे' सरळ वाटतं. ते सगळं मध्ये कोंबून शेवटी एकटं 'अप' ठेवलं की ऐकणारा वाट बघत राहतो. आणि 'समथिंग'ला पुस्तकं सर्वनाम म्हणत असली, तरी 'पिक अप समथिंग ऑन द वे' अगदी बरोबर आहे, कारण 'समथिंग'ला वजन आहे. सक्ती आहे ती 'मी, यू, हिम, हर, इट, अस, देम' या हलक्या मंडळींवर. त्यांच्यावरही मुद्दाम जोर दिला, बोट दाखवून 'हिम, नॉट हर' असं म्हटलं, तर नियम थोडा सैल होतो. पण मेलमध्ये बोट दाखवता येत नाही, तिथे हे टाळावं.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडते ती 'सी थ्रू'ची जोडी. 'आय सॉ थ्रू हिम' म्हणजे त्याचं सोंग माझ्या लक्षात आलं. 'आय सॉ हिम थ्रू' म्हणजे त्याच्या अडचणीत शेवटपर्यंत त्याच्या पाठीशी राहिलो. शब्द तेच, 'हिम' एक घर इकडचं तिकडे झालं आणि संशयाची जागा आधारानं घेतली. 'टर्न ऑन'चंही तसंच. 'द डॉग टर्न्ड ऑन हिम' म्हणजे कुत्रा त्याच्यावर उलटला, आणि 'टर्न इट ऑन' म्हणजे पंखा लाव. 'रॅन अप द हिल' आणि 'रॅन अप द बिल' कागदावर जुळी दिसतात. येऊरची टेकडी पळत चढलेला माणूस 'रॅन अप इट', हॉटेलचं बिल फुगवलेला माणूस 'रॅन इट अप'.

आपल्या लोकांकडून नेमकी हीच चूक का होते, याचं कारण मला वाशी लोकलमध्ये सापडलं. रबाळे सोडल्यावर एका लहानग्यानं डब्यातला चॉकलेटचा कागद उचलून तोंडाकडे नेला. त्याची सात-आठ वर्षांची ताई इंग्रजी शाळेतली असावी. ती ओरडली, "पुट डाउन इट!" तिच्या डोक्यात काय झालं ते स्वच्छ दिसतं. मराठीत आपण म्हणतो 'ते खाली ठेव'. 'खाली ठेव' ही जोडी घट्ट, 'ते' सर्वांत लांब. हे आरशात धरा: 'ठेव – खाली – ते', म्हणजेच 'पुट डाउन इट'. वहीत डावीकडे 'पुट डाउन' आणि उजवीकडे 'खाली ठेवणे' असं पाठ केल्यानं ती गाठ आणखी आवळली जाते.

पण त्याच क्षणी आईचा आवाज आला, "ठेव ते खाली!" घाईत किंवा रागात आपण क्रियापद पुढे आणतो, आणि मग 'ते' बहुधा मध्येच जातं. 'घे त्याला आत', 'काढ ते बाहेर', 'दे ते परत'. शब्दाला शब्द लावून बघा: पुट इट डाउन, टेक हिम इन, टेक इट आउट, गिव्ह इट बॅक. मराठीत 'ठेव खाली ते'सुद्धा कुणी म्हणेल, आपली शब्दरचना सैल आहे, इंग्रजीत ती मुभा नाही. तरी मी शिकवताना वहीतल्या जोड्या बाजूला ठेवून आईचं रागाचं वाक्य आठवायला सांगतो.

क्रियापद आणि दिशेचा शब्द यांच्यामध्ये तिसरं कुणी येणं आपल्या परंपरेलाही नवं नाही. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात, दुसऱ्या ऋचेत, 'स देवाँ एह वक्षति' आहे. 'एह' म्हणजे 'आ' अधिक 'इह'. 'आ' हा उपसर्ग 'वक्षति'चा, आणि मध्ये 'इह' येऊन बसलंय. पाणिनीनं उपसर्ग धातूच्या आधी येतात हे सांगून लगेच पुढची दोन सूत्रं दिली, 'छन्दसि परेऽपि' आणि 'व्यवहिताश्च'. वेदात ते धातूच्या नंतरही येतात आणि मध्ये अंतर ठेवूनही येतात. पुढे संस्कृतात उपसर्ग धातूला कायमचे चिकटले, म्हणून आपल्याला आहार, विहार, संहार असे सलग शब्द मिळाले. इंग्रजीत मात्र ही सुटी जोडणी फोफावली. परक्यांना सगळ्यात जास्त अडचण यानंच होते, असं इंग्रजी कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी आपल्या 1755च्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय.

तिनं जाताना मेलमधल्या नेहमीच्या शब्दांची यादी पाठवली होती, तीही निकाली काढतो. 'सेंड बॅक', 'फिल इन', 'सेट अप', 'कॉल ऑफ' यांत सर्वनाम मध्ये: सेंड इट बॅक, फिल इट इन, सेट इट अप, कॉल इट ऑफ. 'डील विथ', 'गो थ्रू', 'आस्क फॉर' यांत शेवटी: डील विथ इट, गो थ्रू इट, आस्क फॉर इट. 'लुक फॉरवर्ड टू' आणि 'पुट अप विथ' अशा तीन शब्दांच्या गटांत शेवटचा शब्द शब्दयोगी असतो, म्हणून तिथेही शेवटीच. आणि 'लुक' जपून. संदर्भ शोधून सांगणार असशील तर 'आय विल लुक इट अप', तक्रारीत लक्ष घालणार असशील तर 'आय विल लुक इन्टू इट'.