आधी मसाल्याचा डबा उघड

एरंडवणे, पुणे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला हवेचा कुठला सेन्सर घेऊ, असं विचारतेस. सेन्सरचं मागाहून बघू. आधी घरातला मसाल्याचा डबा उघड. गोड्या मसाल्यासाठी आईने आणून ठेवलेलं दगडफूल असेल, त्यातला एक न मोडलेला तुकडा हातात घे. वरून राखाडी, खालून काळा, कागदासारखा चुरचुरीत. हवा ओळखायला माणसाने ज्या गोष्टी वापरल्या, त्यातली ही बरीच जुनी.

पुस्तकात तू याला शैवाक म्हणतेस. बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. याला मुळं नाहीत, पानावर असतो तसा मेणचट थर नाही आणि पानगळही नाही. पाणी, क्षार, सगळं पावसातून, धुक्यातून, धुळीतून थेट अंगात घ्यायचं. झाड निदान खराब झालेलं पान टाकून देतं, याला ती सोय नाही. कोळशाच्या धुरातला गंधकाचा वायू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, ओल्या शैवाकात विरघळला की आतल्या शेवाळाचं हरितद्रव्य नासतं आणि संसार मोडतो.

विल्यम निलँडर या फिनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली शैवाकं नोंदवली आणि ती हवेच्या शुद्धतेची खूण आहेत असं लिहिलं. शतक संपायच्या आत ती त्या बागेतून जवळजवळ नाहीशी झाली. पुढे १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोज यांनी इंग्लंड-वेल्ससाठी शून्य ते दहा अशी पट्टीच तयार केली: खोडावर कोण राहतं ते बघा आणि हवेत गंधकाचा वायू किती असेल ते सांगा. मग कोळसा कमी झाला, लंडनची हवा निवळली, शैवाकं परतली. पण जी गेली होती तीच सगळी परतली नाहीत. वाहनांच्या धुरातला आणि शेतीतला नायट्रोजन ज्यांना मानवतो, अशांनी बरीच जागा धरली. गंधकाचा आकडा बघणाऱ्याला वाटलं, काम झालं. खोड बघणाऱ्याला तसं वाटलं नाही. तुझ्या प्रोजेक्टमध्ये मला ही दुसरी नजर हवी आहे.

इतिहासाचं प्रकरण लिहिताना डिसेंबर १९५२ च्या लंडनच्या धुरक्यापासून सुरुवात करू नकोस, सगळे तेच करतात. करायचीच असेल तर त्याच धुरक्यात लंडनच्या स्मिथफील्ड या गुरांच्या प्रदर्शनाला आणलेल्या जनावरांपासून कर. ती धापा टाकू लागली, काही दगावली. 'आम्लपाऊस' हा शब्द रॉबर्ट अँगस स्मिथने १८७२ मध्ये वापरला. कोलकात्यात धुराविरुद्धचा कायदा १९०५ चा आणि मुंबईत १९१२ चा, हे किती जणांना ठाऊक असतं? आपला देशव्यापी वायू कायदा १९८१ चा. आणि २००९ ची राष्ट्रीय मानकं नीट वाच, त्यात एक गंमत आहे. सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा नेहमीच्या भागात घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम, पण पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भागात २०. म्हणजे आपल्याला चालणारी हवा जंगलाला चालेलच असं नाही, हे सरकारी कागदावरच मान्य आहे.

नेदरलँड्समधली गोष्ट तर मी दरवर्षी वर्गात सांगायचो. तिथल्या काही जंगलांत रामगंगा पक्ष्याच्या भाऊबंदांची अंडी पातळ कवचाची निघू लागली. विष पक्ष्यांच्या पोटात गेलं असेल, असं कुणालाही वाटेल. पण कारण जमिनीत होतं. आम्लपावसाने मातीतला चुना धुऊन गेला, म्हणून गोगलगाई कमी झाल्या, आणि कवचासाठी लागणारं कॅल्शियम मादीला गोगलगाईच्या शंखातूनच मिळायचं. धुराडं, पाऊस, माती, गोगलगाय, अंडं. यातली एकही पायरी सेन्सरवर दिसली नसती.

आता पुणं. इंग्लंडची ती पट्टी जशीच्या तशी इथे लावायची नाही. आपली शैवाकं वेगळी. आपल्या मातीतली चुनखडीयुक्त धूळ पावसातलं आम्ल बरंचसं मारते. पेट्रोल-डिझेलमधलं गंधकही २०२० मध्ये भारत स्टेज ६ या वाहनांच्या धुराच्या नियमांबरोबर दशलक्षात ५० भागांवरून १० वर आलं. रस्त्याकडेच्या खोडाला इथे धूळ, नायट्रोजन आणि ऊन यांच्याशी झगडावं लागतं. शैवाक दिसलं नाही की लगेच 'प्रदूषण' लिहून मोकळी होऊ नकोस. ते नुसत्या कोरडेपणानेही जातं.

मी स्वतः पहिल्या वर्षी फजित झालो होतो. विद्यापीठाच्या आवारातले आंबे आणि कर्वे रस्त्याकडेचे आंबे घेतले, शैवाकं मोजली, आवारात कितीतरी जास्त निघाली. खुशीत वही दाखवायला गेलो. माझ्या सरांनी एवढंच विचारलं, "खोडांचा घेर?" घेतलाच नव्हता. आवारातली झाडं जुनी होती, त्यांच्या सालीवर वस्ती करायला शैवाकांना जास्त वर्षं मिळाली होती, एवढंच. वर्ष वाया गेलं. त्यामुळे एकाच जातीची, सारख्या घेराची झाडं घे, जमिनीपासून ठरलेल्या उंचीवर मोजणीची चौकट लाव, खोडाची दिशा आणि सावली लिही. गेरू-चुन्याचे पट्टे मारलेली खोडं सोडून दे. वेताळ टेकडीचा मोह टाळ. तिथे गिरिपुष्पाच्या झाडांची गर्दी आहे, रस्त्यावर जोडीला तेवढी गिरिपुष्पं कुठून आणशील? (गाड्यांचा धूर तपासणारी एआरएआय त्याच टेकडीवर आहे, याचं मला अजून हसू येतं.)

पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या 'सफर' या हवा मोजणाऱ्या यंत्रणेचे आकडे घेच, शेजारी ठेवायला. पण हिवाळ्यात हवा खाली दबून राहते आणि जूननंतर पाऊस ती धुतो, म्हणून दोन्ही ऋतूंत त्याच झाडांकडे जा.

रविवारी सात वाजता विद्यापीठाच्या दाराशी भेटू. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, शिंप्याची टेप आणि पेन्सिल आण. पेन नको, दवाने शाई फुटते.

तुझे सर

ता. क. पाण्याचा छोटा फवाराही घे. कोरडं शैवाक सालीत मिसळून जातं, पाणी पडलं की मिनिटभरात हिरवट होतं. मोजायचं ते तेव्हा.